कांचेआडचा डोळा

मराठी भाषेनें डोळ्यांवर जेवढा विश्वास टाकला आहे, तेवढा दुसऱ्या कोणत्याहि इंद्रियावर टाकलेला दिसत नाहीं. राग आला म्हणजे आपण डोळे वटारतों. नको असलेल्या गोष्टीकडे कानाडोळा करतों. कोणी आपणांस फसविलें म्हणजे त्यानें डोळ्यांत धूळ फेंकली असें म्हणतों. आणि जो मनुष्य बोलतांना नजरेला नजर देत नाहीं, त्याच्याशीं व्यवहार वा सोयरीक करण्यापूर्वीं घरांतील वडील मंडळी दोनदां विचार करतात. डोळा हें मनाचें दार आहे, ही आपली पिढीजात समजूत. मग ज्या मनुष्याचें तें दारच आपणांस दिसेनासें होतें, त्याच्याविषयीं काय समजावें?

या प्रश्नाचें एक मोठें चतुर उत्तर जपानी चलच्चित्रांत सांपडतें. सर्व जगांत ‘ॲनिमे’ या नांवानें ओळखलीं जाणारीं हीं चित्रें आतां मुंबई-पुण्याप्रमाणें आमच्या नगरकडील घराघरांतहि येऊन पोंचलीं आहेत. मुलें तीं तासन् तास पाहतात आणि वडील मंडळी ‘कार्टून’ म्हणून त्यांकडे पाठ फिरवितात. परंतु ज्यांनीं कधीं तरी मुलांच्या शेजारीं बसून तीं पाहिलीं असतील, त्यांच्या ध्यानांत एक खूण खचित आली असेल. चष्मा लावलेलें एखादें पात्र शांतपणें बोलत असतें. एकाएकीं तें मान किंचित् खालीं घालतें, किंवा बोटानें चष्मा वर सारतें. आणि त्याच क्षणीं दोन्ही भिंगांवर पांढरी चकाकी पसरून डोळे नाहींसे होतात. चेहरा तोच, आवाज तोच, शब्दहि सौम्यच. परंतु पाहणाऱ्या मुलाला तत्काळ कळतें कीं, या माणसाच्या मनांत कांहीं तरी काळेंबेरें आहे. ही खूण आली कोठून, ती आपलें काम कशी करते आणि आपल्या घरांशीं तिचा काय संबंध आहे, हें पाहणें मनोरंजक तर आहेच, पण उपयोगाचेंहि आहे.

उजेडाचें गणित

चष्म्याची चकाकी ही मूळची निसर्गाची करणी, चित्रकाराची नव्हे. साध्या कांचेवर उजेड पडला म्हणजे त्यांतील शेंकडा ४ च्या सुमारास भाग पुढच्या पृष्ठभागावरून परततो आणि जवळजवळ तेवढाच मागच्या पृष्ठभागावरून. म्हणजे एका भिंगाकडून शेंकडा ८ भाग उजेड पाहणाऱ्याकडे उलट येतो. हा आंकडा लहान दिसतो. परंतु समोर लख्ख खिडकी वा दिवा असून भिंगामागील चेहरा छायेंत असेल, तर डोळ्यांकडून येणाऱ्या मंद प्रकाशावर हा परतलेला प्रकाश सहज मात करतो. मात्र त्यासाठीं दिवा, कांच आणि पाहणारा यांचे कोन नेमके जुळावे लागतात. म्हणूनच मान जराशी हलली कीं चकाकी येते आणि जराशी हलली कीं जाते. भिंगांवर अतिशय पातळ लेप देऊन हें परावर्तन कमी करण्याची युक्ति १९३५ सालीं जर्मनींतील झाइस कारखान्याच्या स्माकुला नामक शास्त्रज्ञानें शोधून काढली, आणि आजच्या चांगल्या चष्म्यांवर तसा लेप असतोच.

छायाचित्रकाराला आणि चित्रपटवाल्याला ही चकाकी म्हणजे एक उपद्रव होय. नटाच्या डोळ्यांतील भाव दिसावे म्हणून दिवे हालविणें, चष्म्याच्या काड्या किंचित् उचलून भिंगें खालीं झुकविणें, किंवा सरळ बिनकांचेची चौकट नटाच्या नाकावर ठेवणें, हे उपाय स्टुडिओंतून नेहमींचे आहेत. जपानी चित्रकारांचें चातुर्य असें कीं, इतरांनीं जो दोष म्हणून टाळला, तोच त्यांनीं अलंकार म्हणून उचलला.

त्यांना तशी गरजहि होती. टेझुका ओसामु यांची ‘तेत्सुवान आतोमु’ ही मालिका १ जानेवारी १९६३ रोजीं जपानी दूरचित्रवाणीवर सुरू झाली आणि दर आठवड्यास नवा भाग देण्याची प्रथा पडली. पडद्यावर दर सेकंदास २४ चौकटी सरकतात. तेवढीं सगळीं चित्रें हातानें काढावयाचीं तर ना पैसा पुरे, ना वेळ. तेव्हां एकच चित्र तीन-तीन चौकटी ठेवावयाचें, म्हणजे सेकंदास आठ चित्रांवर काम भागवावयाचें, आणि जेथें शक्य असेल तेथें चेहरा स्थिर ठेवून नुसते ओठ हालवावयाचे, अशी काटकसरीची रीत रूढ झाली. चेहरा स्थिर राहिला म्हणजे भावनेचा सगळा भार डोळ्यांवर येतो. या चित्रांतील पात्रांचे टपोरे डोळे त्यामुळेंच इतके महत्त्वाचे. आतां ज्या कलेंत डोळे हेंच सर्वस्व आहे, तींत एका पात्राचे डोळे अकस्मात् पुसून टाकले, तर केवढा धक्का बसेल! आणि खर्च किती? दोन पांढरे तुकडे! पुढें पारदर्शक पत्र्यांवरील चित्रांच्या काळांत, काळ्या आवरणाला बारीक भोंक पाडून खालून उजेड सोडावयाचा आणि त्याच फिल्मवर दुसऱ्यांदा छाया घ्यावयाची, अशा कृतीनें खरीखुरी झगझगीत तिरीप उमटविण्यांत येऊं लागली.

डोळे झांकणारीं पात्रें

या खुणेचा सर्वांत गाजलेला धनी म्हणजे गेंदो इकारी. आन्नो हिदेआकि यांची ‘निऑन जेनेसिस इव्हँजेलियन’ ही मालिका १९९५ च्या ऑक्टोबरांत सुरू झाली, तींतील हा अधिकारी. दोन्ही हातांचीं बोटें एकमेकांत गुंतवून तो तीं तोंडापुढें धरतो. ओठ हातांनीं झांकलेले, डोळे चष्म्यानें झांकलेले. आपल्या चौदा वर्षांच्या मुलाला त्यानें वर्षानुवर्षें दूर ठेविलें आणि गरज पडतांच बोलावून घेऊन युद्धयंत्रांत बसण्याची आज्ञा केली. मुलगा बापाच्या चेहऱ्याकडे पाहतो, तों तेथें त्याला दोन कांचा दिसतात. बापाच्या मनांत आपल्याविषयीं माया आहे कीं नाहीं, हें त्या पोराला कळत नाहीं आणि प्रेक्षकालाहि कळत नाहीं. सर्व कथेची तळमळ या एका न दिसणाऱ्या नजरेंत सांठविली आहे. आणि गंमत अशी कीं, याच गेंदोनें एकदां अपघातांत सांपडलेल्या रेइ नांवाच्या मुलीला सोडविण्यासाठीं तापलेलें लोखंडी झांकण उघड्या हातांनीं फिरविलें, तळहात भाजून घेतले, आणि त्या धांदलींत त्याचा चष्मा गळून पडला व त्याची कांच तडकली. ती मुलगी तो मोडका चष्मा जपून ठेवते. कांच डोळ्यांवरून दूर झाली, त्या एका क्षणींच तिला त्याचें मन दिसलें होतें!

मियाझाकि हायाओ यांच्या १९८६ सालच्या ‘लापुता’ या बोलपटांतील मुस्का हाहि असाच रंगीत चष्म्याआड राहणारा, गोड बोलणारा सरकारी अधिकारी. आकाशांतील तरंगत्या नगरीच्या सत्तेचा लोभ त्यानें मनांत दडविलेला असतो. शेवटीं त्या नगरीच्या विनाशाचा मंत्र उच्चारला जातो, आणि त्या प्रखर प्रकाशानें मुस्काचेच डोळे जातात. ज्यानें जन्मभर डोळे लपविले, त्याचे डोळेच हरपले. पुराणांतील शापकथेसारखा हा शेवट आहे.

परंतु केवळ चष्मा म्हणजे कपट, असें समीकरण या कलेनें मांडलें असतें तर ती कला न राहतां चाळा ठरली असती. आराकावा हिरोमु या लेखिकेची ‘फुलमेटल अल्केमिस्ट’ ही चित्रकथा २००१ पासून २०१० पर्यंत चालली. तींत एक चष्मेवाला बाप असा आहे कीं, विद्येच्या व मानमरातबाच्या लोभानें तो आपल्या पोटच्या मुलीचा बळी देतो. तें उघडकीस येतांना त्याचीं भिंगें कोरीं, डोळेविरहित होतात. आणि त्याच कथेंत दुसरा चष्मेवाला बाप आहे, मेझ ह्यूज. तो आपल्या चिमुकल्या मुलीचीं छायाचित्रें खिशांत घेऊन हिंडतो व भेटेल त्याला कौतुकानें दाखवितो. चष्मा दोघांनाहि आहे. एकाचे डोळे आपणांस दिसतात, दुसऱ्याचे ऐन वेळीं दिसत नाहींत. भेद एवढाच, आणि हाच सर्वस्वाचा. आपल्या मुलांच्या ओळखीचा नोबिता हाहि चष्मेवालाच. परंतु त्याचे भाबडे डोळे सदैव उघडे असतात. १९९४ पासून चालत आलेल्या कोनान या बालगुप्तहेराच्या कथांत तर ही चकाकी सज्जनाच्या वांट्याला आली आहे: कोडें सुटल्याची आणि अपराधी सांपडल्याची ती खूण. तेव्हां चकाकीचा खरा अर्थ ‘हा दुष्ट आहे’ असा नसून, ‘याला कांहीं तरी ठाऊक आहे, आणि तें तो तुम्हांला अद्याप सांगत नाहीं’ असा आहे.

ही कल्पना केवळ जपानचीच आहे असेंहि नाहीं. आयझेनस्टाइन या रशियन दिग्दर्शकाच्या १९२५ च्या ‘बॅटलशिप पोटेमकिन’ या मूकपटांत खलाशांच्या मांसान्नांत अळ्या वळवळत असतात. जहाजावरील डॉक्टर आपला नाकावरचा चष्मा काढून, दुमडून, भिंगासारखा त्यावर धरतो आणि निर्लज्जपणें सांगतो कीं, यांत अळ्या नाहींत! बंड झाल्यावर डॉक्टर समुद्रांत फेंकला जातो आणि तो चष्मा दोराला लोंबकळत राहतो. पाहण्याचें साधन हातीं असून जो पाहूं इच्छीत नाहीं, त्या विद्वानाचें याहून बोलकें चित्र क्वचितच सांपडेल.

आपल्याकडील दृष्टि

आपल्या नाट्यविद्येंत या प्रकाराचें मर्म उलट बाजूनें सांगून ठेविलें आहे. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रांत आठव्या अध्यायांत छत्तीस दृष्टि मोजल्या आहेत: आठ रसांच्या आठ, आठ स्थायी भावांच्या आठ आणि संचारी भावांच्या वीस. त्यांत शंकिता आहे, लज्जान्विता आहे, शून्या आहे, तिरपी पाहणारी जिह्माहि आहे. क्रोध, भय, शोक, कपट, सर्वांना डोळ्यांत जागा आहे. परंतु डोळाच नसणें याला मात्र जागा नाहीं. रस डोळ्यांतून झरतो असें मानणाऱ्या शास्त्राला अदृश्य दृष्टि ही सदतिसावी दृष्टि म्हणून सुचली नाहीं. भिंगावर पांढरी चकाकी उमटवून जपानी चित्रकारानें नेमकी तीच जागा भरून काढली आहे. रस मिळण्याचा मार्गच बंद झाल्यावर प्रेक्षकाच्या मनांत उरते ती शंका. आणि शंकेंतून भय उपजावयास कितीसा वेळ लागतो?

आपल्या चित्रपटांनीं मात्र भरताचाच मार्ग धरला. १९३४ सालीं प्रभात कंपनीनें पुण्यांत ‘अमृतमंथन’ हा बोलपट मराठींत व हिंदींत काढला. नारायण हरि आपटे यांच्या ‘भाग्यश्री’ कादंबरीवर तो आधारलेला होता. बळीची प्रथा बंद करणाऱ्या राजाविरुद्ध कारस्थान रचणारा राजगुरु मराठींत केशवराव दाते यांनीं आणि हिंदींत चंद्रमोहन यांनीं उभा केला. व्ही. शांताराम यांनीं दूरदर्शी भिंग लावून चंद्रमोहन यांचा एकच डोळा सर्व पडद्यावर पसरविला, आणि त्या एका डोळ्यानें प्रेक्षकांचा थरकांप उडाला. जपानी चित्रकार डोळा पुसून भिवविता झाला. शांतारामांनीं तो मोठा करून भिवविलें. त्याच शांतारामांनीं पुढें १९५७ सालीं ‘दो आंखें बारह हाथ’ काढला. औंध संस्थानांतील स्वतंत्रपुरच्या मोकळ्या तुरुंगाच्या प्रयोगावरून स्फुरलेल्या या कथेंत सहा खुनी कैद्यांना बेड्या आवरीत नाहींत, तर तुरुंगाधिकाऱ्याच्या दोन डोळ्यांचा धाक व माया आवरते. याच चित्रपटांत बैलाशीं झुंजतांना शांताराम यांच्या स्वतःच्या डोळ्यांना इजा होऊन कांहीं काळ त्यांना पट्टी बांधून पडून राहावें लागलें, हा योग विलक्षण म्हटला पाहिजे.

आमच्या नगरच्या अभिमानाचा दाखलाहि येथें देण्याजोगा आहे. सदाशिव अमरापूरकर यांचा जन्म १९५० सालीं अहमदनगर येथें, म्हणजे आजच्या अहिल्यानगरांत, झाला. १९७९ च्या ‘२२ जून १८९७’ या मराठी चित्रपटांत त्यांनीं लोकमान्य टिळकांची भूमिका केली. आणि चारच वर्षांनीं श्री. दा. पानवलकर यांच्या ‘सूर्य’ या कथेवरून विजय तेंडुलकर यांनीं लिहिलेल्या ‘अर्धसत्य’ मध्यें रामा शेट्टी हा गुंडांचा म्होरक्या उभा केला. आरडाओरड नाहीं, हातवारे नाहींत. सावकाश बोलणें आणि थंड नजर, एवढ्यावर त्यांनीं सर्व देशाला धडकी भरविली. पुढें ‘सडक’ साठीं फिल्मफेअरचें खलनायकाचें पहिलें पारितोषिक त्यांनाच मिळालें. २०१४ सालीं ते निवर्तले. देशभक्त आणि दुर्जन या दोघांनाहि त्यांनीं एकाच जोडीचे डोळे दिले. यावरून डोळ्याचा गुण डोळ्यांत नसून त्यामागील मनांत असतो, हें उघड होतें.

आणि ज्यांना झांकलेल्या नजरेचें भय प्रत्यक्ष अनुभवावयाचें असेल, त्यांनीं आमच्या जिल्ह्याच्या अकोले भागांतील आदिवासी गांवांत होणारा बोहाडा आठवावा. देवदानवांचे मुखवटे चढवून रात्रीं सोंगें नाचतात. मुखवट्यामागें आपल्याच गांवचा ओळखीचा मनुष्य आहे हें पोरासोरांनाहि ठाऊक असतें. तरी तो न मिटणारा रंगविलेला डोळा जवळ येतांच पोर आईच्या पदराआड दडतें. मूर्ति घडविल्यावर तिचे डोळे उघडण्याचा नेत्रोन्मीलनाचा विधि आपण करतों. जपानांतहि दारुमा नांवाच्या बाहुलीचा एक डोळा संकल्प करतांना आणि दुसरा संकल्प सिद्धीस गेल्यावर रंगवितात. डोळा आला म्हणजे प्राण आला, ही भावना दोन्ही देशांची एकच. म्हणूनच डोळा गेला म्हणजे माणुसकी गेली, ही खूण आपल्या मुलांना कोणी न शिकवितां कळते.

खूण आणि माणूस

येथवर कलेची गोष्ट झाली. परंतु पडद्यावरील खूण पडद्यावरच राहते असें नाहीं. आमच्या परिचयाच्या नगर शहरांतील एका एकत्र कुटुंबांत नऊ वर्षांच्या मुलीला चष्मा लागला. चुलतभावंडांनीं पहिल्याच दिवशीं तिला ‘खलनायिका’ म्हणून हांक मारली. ती खोलींत आली कीं सगळीं मिळून चष्मा वर सारण्याची नक्कल करीत. मोठ्यांना ती थट्टा वाटली. मुलीनें मात्र शाळेंत चष्मा दप्तरांत ठेवण्यास आरंभ केला. फळ्यावरचें दिसेना, वह्या अपुऱ्या राहूं लागल्या, आणि ‘हिचें अभ्यासांत लक्ष नाहीं’ असा ठपका आला. खरें कारण कळावयास तीन महिने गेले.

तें कळलें तें आजीला. त्या माउलीनें कोणावर डोळे वटारले नाहींत. तिनें संध्याकाळीं सगळ्या पोरांना जवळ बसवून तींच चित्रें लावावयास सांगितलीं आणि दर खेपेस विचारलें, ‘आतां थांबवा. याचे डोळे दिसतात कीं नाहीं?’ पोरें हिरिरीनें उत्तरें देऊं लागलीं. मग आजीनें आपली चाळिशी नाकावर ठेवली, दिव्यासमोर मान खालीं-वर केली, आणि पोरांना स्वतःच्या आजीच्या भिंगांवर तीच भयंकर चकाकी दिसली! ‘मग मीहि दुष्ट का रे?’ असें तिनें विचारतांच सगळीं हंसूं लागलीं. ‘दिवा तोच, कांच तीच. मान कोणी कशासाठीं खालीं घातली, तें पाहावयास शिका,’ एवढेंच ती म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून मुलीचा चष्मा दप्तरांतून नाकावर आला.

या लहानशा प्रसंगांत मोठें तत्त्व आहे. शरीराच्या व्यंगाला वा साधनाला दुर्गुणाची खूण बनविण्याचा मोह सर्व देशांतील कथाकारांना झालेला आहे. आपल्या रामायणांतील मंथरेच्या कुबडाकडे पाहून आपण पिढ्यान् पिढ्या हंसत आलों. त्या हंसण्याचा घाव खऱ्या कुबड्या माणसांनीं सोसला. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेंतील भिंतीपत्रकांवर जपानी मनुष्य म्हणजे जाड गोल चष्मा आणि पुढें आलेले दांत, असेंच चित्र काढीत. त्या चष्म्याआड एका सबंध राष्ट्राची माणुसकी झांकून टाकण्यांत आली. उलट महात्मा गांधींचा आणि डॉ. आंबेडकरांचा गोल चष्मा आपल्या देशांत न्यायाचें व करुणेचें प्रतीक झाला आहे. कांच एकच, तिला अर्थ देतो तो समाज.

तेव्हां घरांतील वडील मंडळींस एवढेंच सुचवावेंसें वाटतें. मुलांना हीं चित्रें पाहूंच नका म्हणण्यानें कांहीं साधत नाहीं. त्यापेक्षां अर्धा तास त्यांच्याबरोबर बसावें. चित्रकारानें खूण कशी योजली, उजेड कोठून आला, डोळे केव्हां दिसेनासे झाले, हें त्यांनाच विचारावें. त्यांची रसिकता वाढेल आणि फसवणूक ओळखण्याची दृष्टिहि येईल. ज्या मुलाला चष्मा लागला असेल, त्याचा तो एक दिवसहि सुटूं देऊं नये. चष्मा न लावल्यानें नंबर कमी होतो हा भ्रम आहे. आणि ज्यांना अद्याप लागला नाहीं, त्यांना दिवसाकाठीं दोनेक तास उघड्या उजेडांत खेळूं द्यावें. लघुदृष्टि टाळण्यास त्याचा उपयोग होतो, असें नेत्रवैद्य सांगतात.

मुख्य म्हणजे, आपण स्वतः मुलांशीं बोलतांना आपले डोळे त्यांना दिसूं द्यावे. गेंदोच्या मुलाचें दुःख बापाच्या चष्म्यामुळें नव्हतें. बापानें त्याच्याकडे कधीं पाहिलेंच नाहीं, यामुळें होतें. हल्लीं घरोघर हातांतील फोनच्या उजळलेल्या पडद्याची तिरीप वडिलांच्या आणि आईच्या भिंगांवर पडलेली असते, आणि समोर उभें राहून कांहीं सांगूं पाहणाऱ्या पोराला त्यांचे डोळे दिसत नाहींत. त्या पोराच्या मनाला ही चकाकी काय सांगत असेल, याचा विचार प्रत्येक घरानें करावा.